सुर्मालू उयेज्द: नदीपलीकडचा मुलूख तुर्कस्तानात कसा गेला

तुर्कमनचायचा तह १८२८ सालचा. त्याच्या तिसऱ्या कलमात इराणच्या शहाने एरिवानची (आजचं येरेवान) खानशाही रशियाला तोडून दिली, तीही आरास नदीच्या 'अलीकडची आणि पलीकडची'. नखिचेवानची खानशाहीही याच कलमात गेली, पण तिच्या नावापुढे असं काही लिहिलेलं नाही. पुढे रशिया आणि इराण यांची सरहद्द शेकडो किलोमीटर आरासच्या पात्रातूनच धावते. नदी ओलांडून दक्षिणेला रशियाने धरलेला मोठा तुकडा या टोकाला एकच होता: अरारत पर्वताच्या उत्तर उतारापासून आरासपर्यंतचा. पुढे तो एरिवान गुबेर्नियातला, म्हणजे प्रांतातला, सुर्मालू उयेज्द झाला.

१९२१ मध्ये हा उयेज्द तुर्कस्तानला मिळाला. काकेशसच्या नकाशात तेव्हा झालेल्या उलथापालथीत हे एरवी ध्यानातही येणार नाही, कारण शेजारचा कार्सही तेव्हाच गेला. पण कार्स आणि सुर्मालू ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. कार्स, अर्दाहान आणि बातूम रशियाने १८७८ मध्ये तुर्कांकडून घेतले होते, म्हणून ते परत मागायला तुर्कांकडे निदान कारण तरी होतं. सुर्मालू त्यात नव्हता. तो इराणकडून आला होता. उस्मानी संसदेने २८ जानेवारी १९२० रोजी स्वीकारलेल्या 'राष्ट्रीय करारा'त पूर्वेकडच्या तीन संजाकांचा, म्हणजे उस्मानी जिल्ह्यांचा, उल्लेख आहे, त्यातही सुर्मालू नाही. ३ मार्च १९१८ च्या ब्रेस्त-लितोव्स्क तहात रशियाने सोडायच्या मुलखात अर्दाहान, कार्स आणि बातूम एवढीच नावं आहेत. मग हा तुकडा गेला कसा?

उयेज्द म्हणजे किती मोठा

रशियन साम्राज्यात गुबेर्निया म्हणजे प्रांत आणि उयेज्द म्हणजे त्याच्या खालचा विभाग. आपल्या हिशोबाने तालुका आणि जिल्हा यांच्या मधलं काहीतरी. क्षेत्रफळ छोट्या जिल्ह्याएवढं, पण कचेरी आणि अमलदार तालुक्याएवढे. मराठीत त्याला सरसकट 'जिल्हा' म्हटलं की गोंधळ होतो, कारण रशियन कागदांत 'ओक्रुग' नावाचा आणखी एक विभाग येतो आणि तो ओब्लास्त नावाच्या प्रांतांत असतो. कार्स ओब्लास्तात ओक्रुग होते, एरिवान गुबेर्नियात उयेज्द. नुसत्या या शब्दावरूनही कागद कुठल्या बाजूचा ते ओळखता येतं.

एरिवान गुबेर्निया १८४९ मध्ये झाला. त्याआधी १८२८ ते १८४० हा मुलूख 'आर्मेनियन ओब्लास्त' होता. सुर्मालूचं मुख्य ठाणं इग्दिर. क्षेत्रफळ ३,६०० ते ३,७०० चौरस किलोमीटरच्या दरम्यान. उत्तरेला नदीपलीकडे एचमियादझिन आणि एरिवान उयेज्द, पूर्वेला शारूर-दरालागेझ, पश्चिमेला १८७८ नंतर कार्स ओब्लास्त, दक्षिणेला उस्मानी बायझीद आणि इराणचं माकू.

जमीन दोन प्रकारची. इग्दिरचं मैदान समुद्रसपाटीपासून साधारण ८५० मीटर उंचीवर आहे आणि चारी बाजूंनी उंच डोंगर असल्यामुळे कोरडं आणि उष्ण. वर्षाचा पाऊस अडीचशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पावसावर काही पिकत नाही. आरासमधून काढलेल्या पाटांवरच इथला कापूस, भात आणि फळबागा उभ्या राहिल्या. मैदानाच्या दक्षिणेला एकदम ५,१३७ मीटरचा मोठा अरारत आणि त्याच्या शेजारी ३,८९६ मीटरचा लहान अरारत. त्यांच्या उतारांवर उन्हाळी कुरणं, आणि कुरणांवर कळप घेऊन फिरणाऱ्या कुर्द टोळ्या. पश्चिमेकडे कुल्प. तिथल्या डोंगरात सैंधवाच्या खाणी आहेत. कुल्पचं आजचं तुर्की नाव तुझलुजा. 'तुझ' म्हणजे मीठ.

सुर्मालू हे नाव आरासकाठच्या सुर्मारी नावाच्या जुन्या किल्ल्यावरून आलं. तुर्कीत त्याचं 'सुर्मेली' झालं आणि 'सुर्मे' म्हणजे आपला डोळ्यात घालायचा सुरमा, त्यामुळे लोकांनी त्यावरही एक व्युत्पत्ती बसवली. आर्मेनियन कान त्यात 'सुर्ब मारी', म्हणजे संत मेरी, ऐकतात. दोन्ही ऐकायला गोड आहेत; पुरावा म्हणून वापरू नयेत.

तीन राज्यांचं टोक

तुर्कमनचायच्या चौथ्या कलमातली सीमा नीट वाचली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उस्मानी हद्दीवरचा लहान अरारतच्या शिखराला सर्वांत जवळचा बिंदू घ्यायचा. तिथून रेषा शिखरावर न्यायची. शिखरावरून दक्षिण उतारावर उगम पावणाऱ्या खालच्या कारासू नदीपर्यंत उतरायचं, तिच्या प्रवाहाबरोबर शारूरच्या समोर आरासमध्ये ती मिळते तिथपर्यंत जायचं, आणि मग आरासच्या पात्रातून अब्बासाबादच्या किल्ल्याकडे.

म्हणजे लहान अरारत हा रशिया, इराण आणि उस्मानी अशा तिन्ही राज्यांच्या सीमेचा खांब झाला. उत्तरेचा उतार सुर्मालूत, पूर्वेची बाजू माकूत, दक्षिणेकडे बायझीद. दोन अरारतांमधल्या खिंडीत सरदार-बुलाग इथे रशियाचं कोसॅक ठाणं होतं आणि खाली मैदानात अरालिखला दुसरं. एकोणिसाव्या शतकात अरारत चढायला आलेले बरेचसे युरोपीय याच वाटेने गेले. १८७६ मध्ये जेम्स ब्राइस अरालिखहून कोसॅक सोबत घेऊन निघाला आणि शेवटचा टप्पा एकट्याने चढला. पहिली नोंदलेली चढाई मात्र वायव्येच्या बाजूने झाली: १८२९ मध्ये, फ्रीडरिश पारोट आणि त्याच्याबरोबर खाचातुर अबोव्यान. त्यांचा मुक्काम ज्या अखुरी गावाजवळच्या संत याकोबाच्या मठात होता, ते गाव आणि तो मठ अकरा वर्षांनी राहिले नाहीत. १८४० च्या भूकंपात अरारतची एक दरी कोसळली आणि दोन्ही गाडले गेले.

या भूकंपाची तारीख कुठे २० जून दिसते, कुठे २ जुलै. दोन्ही बरोबर आहेत. रशियन कागद जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाचे. एकोणिसाव्या शतकात त्यात १२ दिवस मिळवायचे, १९०० पासून १३. रशियाने १९१८ मध्ये ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी धरली. उस्मानी कागदांची तऱ्हा याहून वेगळी: त्यांचं रूमी पंचांग १९१७ मध्ये दिवसांपुरतं ग्रेगोरियनशी जुळवलं गेलं, वर्षाचा आकडा मात्र १३३३, १३३४ असाच चालला, आणि १ जानेवारी १९२६ ला तो बंद झाला. १९१८ सालच्या घटना एकाच आठवड्यात कशा घडल्या असं वाटायला लागलं, की आधी कुठला कागद कुठल्या पंचांगात आहे ते बघावं. या प्रदेशावरच्या लेखनात सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

दुसरी जागा आकड्यांची, आणि ती आपल्याला जास्त लागू आहे. तुर्कमनचायच्या सहाव्या कलमात इराणने १० 'कुरूर' तोमान खंडणी द्यायची असं आहे. हा शब्द आपलाच, करोड. तो फारसीत गेला आणि तिथे ५ लाखांना कुरूर म्हणू लागले. १० कुरूर म्हणजे १० कोटी नव्हे, ५० लाख तोमान. त्याच कलमात २ कोटी चांदीचे रूबल असाही आकडा दिला आहे, त्यावरून पडताळा येतो. मराठी वाचक 'कुरूर' बघून सवयीने कोटी करतो आणि रक्कम वीसपट फुगते.

मापांचंही तसंच: १ व्हर्स्ट म्हणजे १.०६७ किलोमीटर, चौरस व्हर्स्ट १.१३८ चौरस किलोमीटर, आणि शेतजमिनीची देस्यातिना १.०९ हेक्टर, म्हणजे जवळपास पावणेतीन एकर.

१८९७ ची जनगणना काय सांगते, काय नाही

रशियन साम्राज्याची एकमेव सर्वसाधारण जनगणना १८९७ मध्ये झाली. सुर्मालूत ८९,०५५ माणसं मोजली गेली. त्यांपैकी ४१,४१७ 'तातार' (४६.५ टक्के), २७,०७५ आर्मेनियन (३०.४ टक्के) आणि १९,०९९ कुर्द (२१.४ टक्के). उरलेले दीड हजार रशियन आणि इतर. इग्दिर गावात ४,६८० लोक, त्यांतले पाचातले चार आर्मेनियन. म्हणजे ठाण्याचं गाव एकाचं आणि भोवतालची खेडी बहुतेक दुसऱ्यांची. हे चित्र त्या काळच्या काकेशसमध्ये सर्रास दिसतं.

'तातार' हा तेव्हाच्या रशियन कारभाराचा शब्द. आज ज्यांना अझरबैजानी म्हणतो ते हे लोक. व्होल्गाकाठच्या किंवा क्रिमियाच्या तातारांशी त्यांची गल्लत करू नये. जनगणनेने मातृभाषा विचारली, वंश नाही. धर्माचा तक्ता वेगळा आहे. त्यामुळे तातार आणि कुर्द यांची बेरीज करून 'मुसलमान ६८ टक्के' असं लिहिणं चूक: कुर्द बोलणाऱ्यांत यझिदीही आहेत आणि ते मुसलमान नाहीत. आज आर्मेनियात जे यझिदी आहेत, त्यांतल्या अनेकांची घराणी १९१८ च्या सुमारास सुर्मालू आणि कार्सच्या बाजूने नदी ओलांडून आलेली आहेत.

सुर्मालू तुर्कस्तानला गेला तो 'मुसलमान बहुसंख्य होते म्हणून' हे उत्तर फार वेळा वाचायला मिळतं. ते पटत नाही, कारण नदीच्या उत्तरेला, खुद्द एरिवान उयेज्दमध्येही १८९७ ला निम्म्याहून थोडे जास्त लोक तातार होते. तो आर्मेनियातच राहिला. लोकसंख्येने सीमा ठरली असती तर ती आरासवर थांबायचं काही कारण नव्हतं.

१९१४ ते १९२०: कोणाचा ताबा, कधी

पहिल्या महायुद्धात इग्दिर आघाडीच्या मागचं पहिलं मोठं गाव होतं. पुढे आर्मेनियाच्या सैन्यात नाव काढलेला द्रो, म्हणजे द्रास्तामात कानायान, हा इथलाच. जुलै-ऑगस्ट १९१५ मध्ये रशियन फौज वानमधून मागे हटली तेव्हा तिच्याबरोबर निघालेले आर्मेनियन निर्वासित बर्गरी आणि बायझीदच्या वाटेने इग्दिरला येऊन थडकले. पाटांचं पाणी पिऊन, उघड्यावर झोपून रोगराई पसरली आणि मैदानात प्रेतांचा खच पडला. मग १९१७ मध्ये रशियन सैन्यच विरघळलं.

आता पुढची पाच वळणं क्रमाने घ्यायला हवीत. सुर्मालूचा निकाल त्यांतच लागतो.

पहिलं, ब्रेस्त-लितोव्स्क. त्यात सुर्मालू नाही, हे वर आलंच.

दुसरं, बातूमचा तह, ४ जून १९१८. ब्रेस्त-लितोव्स्कमध्ये मिळालं त्यावर उस्मानी सेनापती थांबले नाहीत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आरासच्या उत्तर काठावर सरदाराबादला आर्मेनियन फौजेने त्यांना अडवलं, म्हणून एरिवान वाचलं. पण तहात आर्मेनियाच्या हाती एरिवान आणि सेवान तलावाच्या भोवतालची काही हजार चौरस किलोमीटर जमीन एवढीच उरली. सुर्मालू सबंध उस्मानींकडे गेला. त्याच्या बरोबरीने अलेक्सांद्रोपोल (आजचं ग्युमरी), एचमियादझिन आणि शारूरचे भागही गेले. हे तुकडे नकाशावर जोडले की आकार लगेच कळतो: अलेक्सांद्रोपोलहून जुल्फाकडे जाणारा रेल्वेमार्ग आणि आरासचं खोरं. हा मार्ग इराणच्या ताब्रीझकडे आणि पुढे बाकूच्या रोखाने जाण्याचा. लोकसंख्या किंवा जुना हक्क यांच्याशी त्याचा संबंध नव्हता. सुर्मालूवर तुर्कांचा लेखी दावा पहिल्यांदा इथे दिसतो, आणि त्याच्यामागे आहे ती वाट.

तिसरं, मुद्रोसचा शस्त्रसंधी, ३० ऑक्टोबर १९१८. उस्मानी फौज मागे गेली आणि सुर्मालू आर्मेनिया प्रजासत्ताकाकडे आला. 'आला' हे कागदावर. इग्दिर आणि मैदान आर्मेनियाच्या हातात होतं, पण डोंगराकडच्या भागांत कुर्द टोळ्यांचंच चालत होतं. १९१९ च्या वसंतात इग्दिरला भीषण दुष्काळ पडला. पेरायला बी नव्हतं, ओढायला बैल नव्हते. या दोन वर्षांत दोन्ही बाजूंची गावं जळाली. एका गटाची यादी वाचली की दुसऱ्या गटाची गावं त्यात नसतात, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी लागते.

चौथं, १९२० चं युद्ध. तुर्की सेनापती काझिम कारबेकिरच्या फौजेने सप्टेंबरअखेरीस चढाई केली. ३० ऑक्टोबरला कार्स पडलं, ७ नोव्हेंबरला अलेक्सांद्रोपोल, १४ नोव्हेंबरला इग्दिर. इग्दिरमध्ये आजही हाच दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. त्यानंतर अलेक्सांद्रोपोलचा तह झाला, २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री. त्यात आर्मेनियाने सुर्मालू सोडला आणि सैन्य १,५०० माणसं, ८ तोफा आणि २० मशीनगन एवढ्यावर आणायचं कबूल केलं. पण अलेक्झांडर खातिस्यानने ज्या सरकारच्या वतीने सही केली, त्याने काही तासांपूर्वीच येरेवानमध्ये सत्ता बोल्शेविकांकडे दिली होती. त्यामुळे तह कायद्याने लुळा पडला. ताबा मात्र खरा होता.

या ठिकाणी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचा निवाडा हमखास मध्ये आणला जातो. २२ नोव्हेंबर १९२० च्या त्या निवाड्यात वान, बित्लिस, एर्झुरूम आणि त्राब्झोन या उस्मानी विलायतांतली, म्हणजे प्रांतांतली, सीमा आखली आहे. सुर्मालू रशियन साम्राज्याचा भाग होता, म्हणून तो या निवाड्याच्या कक्षेतच नव्हता. नकाशावर तो आर्मेनियाच्या रंगात दिसतो, कारण तो तिथे आधीपासून गृहीत धरलेला आहे.

पाचवं वळण मॉस्कोचं. खरा निकाल तिथे लागला.

मॉस्को, मार्च १९२१

२६ फेब्रुवारीला परिषद सुरू झाली. अंकाराकडून, म्हणजे मुस्तफा केमालच्या सरकारकडून, यूसुफ केमाल, रझा नूर आणि अली फुआत. सोव्हिएत बाजूने परराष्ट्रमंत्री चिचेरिन आणि जलाल कोर्कमासोव्ह. आर्मेनियाचं शिष्टमंडळ मॉस्कोत आलेलं होतं, पण तुर्कांनी त्याला टेबलाशी बसू दिलं नाही. त्याच दिवसांत येरेवानमध्ये बोल्शेविकांविरुद्ध उठाव होऊन १८ फेब्रुवारीपासून शहर त्यांच्या हातून गेलेलं होतं. म्हणजे आर्मेनियाच्या वतीने बोलणाऱ्यांच्या पायाखाली जमीनच नव्हती.

तह झाला १६ मार्चच्या तारखेने. त्याच्या पहिल्या कलमात तुर्कस्तान म्हणजे राष्ट्रीय करारात सांगितलेला प्रदेश अशी व्याख्या दिली आहे. आणि त्याच कलमात ईशान्येची सीमा आखताना रेषा अर्पाचाय नदीने खाली येऊन आरासला लागते आणि आरासने खालच्या कारासूच्या मुखापर्यंत जाते. म्हणजे व्याख्येत सुर्मालू नाही आणि रेषेत आहे. तहाच्या मसुद्यातली ही विसंगती कोणी मुद्दाम ठेवली असं म्हणण्याची गरज नाही. व्याख्या अंकाराच्या राजकारणासाठी होती, रेषा फौज उभी होती तिथून आली.

पण फौज अलेक्सांद्रोपोललाही उभी होती, आणि ते एप्रिलमध्ये रिकामं करून दिलं. बातूम शहर आणि बंदर जॉर्जियाला गेलं. मग सुर्मालूवरच हट्ट का? उत्तर तिसऱ्या कलमात आहे. नखिचेवान हा अझरबैजानच्या संरक्षणाखालचा स्वायत्त प्रदेश राहील आणि अझरबैजानने ते संरक्षण तिसऱ्या कोणाला देऊ नये, असं त्यात ठरलं. हे कलम तुर्कस्तानच्या आग्रहाचं. पण ज्या प्रदेशाला आपली हद्दच लागत नाही, त्याच्यावर नजर कशी ठेवणार? सुर्मालूचा आग्नेय कोपरा, अरारत आणि आरास यांच्यामध्ये निमुळता होत गेलेला, नेमका शारूरच्या समोर जाऊन संपतो. तिथे तुर्कस्तान आणि नखिचेवान एकमेकांना भिडतात. लांबी दहा-पंधरा किलोमीटर. या टोकाला आज दिलुजु म्हणतात. 'दिल' म्हणजे जीभ, आणि नकाशावर ती जिभेसारखीच दिसते. हा कोपरा हातात हवा असेल तर मागचं इग्दिरचं मैदानही हवं, नाहीतर तिथे पोचायला दक्षिणेकडून अरारतला वळसा घालावा लागतो. आमच्या मते सुर्मालूचं मोल या जिभेने ठरवलं. मीठ आणि कापूस ही वरची कमाई.

सोव्हिएतांनी ते का दिलं, याचं उत्तर कमी गुंतागुंतीचं आहे. त्याच १६ मार्चला लंडनमध्ये त्यांचा ब्रिटनशी व्यापारी करार होत होता. पश्चिमेकडे ग्रीकांशी लढणारा, ब्रिटिशांविरुद्ध उभा असलेला अंकारा त्यांना हवा होता. त्याला १ कोटी सोन्याचे रूबल द्यायचंही ठरलं होतं. अरारतच्या उत्तर उतारासाठी हे सगळं मोडायला मॉस्को तयार नव्हतं. लेनिनने सुर्मालू 'भेट' दिला, असं लिहिणारे भेटीच्या बदल्यात काय आलं ते सांगत नाहीत, आणि बातूम त्यात आलं होतं हेही विसरतात.

मॉस्कोचा तह रशियाचा होता, त्यावर काकेशसच्या तीन सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या सह्या हव्या होत्या. त्यासाठी कार्सला २६ सप्टेंबर ते १३ ऑक्टोबर १९२१ परिषद झाली. आर्मेनियाकडून म्रव्यान आणि माकिंत्स्यान, मॉस्कोकडून गानेत्स्की, तुर्कस्तानकडून कारबेकिर. जुनी आर्मेनियन राजधानी आनीचे भग्नावशेष आणि कुल्पचं मीठ यांची मागणी पुढे आली. दोन्हींवर नकार मिळाला. १८२८ पासून ज्या खाणींचं मीठ नदीच्या उत्तरेला जात होतं, त्यांच्यावर आता सरहद्द आली. मान्यतापत्रांची देवघेव ११ सप्टेंबर १९२२ ला येरेवानमध्ये झाली आणि सुर्मालू उयेज्द कारभारी विभाग म्हणून संपला.

रेषा आखल्यावर

इग्दिरच्या मैदानात आर्मेनियन उरले नाहीत. वाचलेले उत्तरेला गेले. उलट दिशेने येरेवानच्या भोवतालच्या गावांतले अझरबैजानी इकडे आले. आज मैदानात अझरबैजानी आणि कुर्द अशी दोन्ही वस्ती आहे, तिसरा गट गेला. अखुरीच्या जागेजवळचं गाव आता येनिदोआन आणि कोसॅक ठाण्याचं अरालिख आता अरालिक. जुन्या नावांनी शोध घ्यायचा असेल तर रशियन, आर्मेनियन, १९२८ पूर्वीची अरबी लिपीतली तुर्की आणि आजची तुर्की असे चारही उच्चार हाताशी ठेवावेत. एकाच गावाचे दोन गाव समजून मोजणं ही इथली नेहमीची चूक.

नदी सीमा झाली तरी पाट थांबले नाहीत. ८ जानेवारी १९२७ ला कार्समध्ये सोव्हिएत संघ आणि तुर्कस्तान यांनी सीमेवरच्या नद्यांचं पाणी निम्मं-निम्मं वापरायचा करार केला आणि आरासवरच्या सरदाराबादच्या बंधाऱ्यासाठी वेगळा लेख केला. ज्यांच्यात नंतर अनेक दशकं फारसं पटलं नाही, त्या दोन सरकारांनी हा करार पाळला. 

लहान अरारतचं टोक मात्र १९२१ मध्ये मिटलं नव्हतं. तुर्कमनचायची रेषा शिखरावरून जात होती, पूर्वेचा उतार इराणचा. १९२७ ते १९३० च्या अरारत उठावात कुर्द बंडखोर याच उतारावरून ये-जा करत आणि तुर्की फौजेला सीमेवर थांबावं लागे. २३ जानेवारी १९३२ च्या तहाने इराणने लहान अरारतची आपली बाजू दिली आणि त्याच्या बदल्यात दक्षिणेला कोतूरच्या भागात जमीन घेतली. म्हणून आजचा इग्दिर प्रांत आणि जुना सुर्मालू उयेज्द तंतोतंत एक नाहीत. पूर्वेकडचा हा पट्टा उयेज्दमध्ये कधीच नव्हता. तुर्कस्तानला नखिचेवानची हद्द १९३२ च्या या अदलाबदलीने मिळाली, असंही छापलेलं आढळतं. हद्द १९२१ चीच आहे. १९३२ ने तिच्या मागचा डोंगर मोकळा केला.

७ जून १९४५ ला सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्हने मॉस्कोतल्या तुर्की राजदूताकडे १९२१ ची सीमा बदलायचा विषय काढला, तेव्हा सुर्मालू पुन्हा काही काळ चर्चेत आला. स्टालिनच्या मृत्यूनंतर, ३० मे १९५३ ला, सोव्हिएत सरकारने दावा सोडल्याचं कळवलं.

तुर्की कारभारात इग्दिर आधी बायझीदकडे, १९३४ पासून कार्सकडे होतं. २७ मे १९९२ ला त्याचा स्वतंत्र प्रांत झाला. दुसऱ्याच दिवशी जिभेच्या टोकाशी, दिलुजु आणि सदरकच्या मध्ये, आरासवरचा पूल उघडला. आर्मेनियाकडची वाट बंद झालेल्या नखिचेवानला तेव्हा तुर्कस्तानात जायला तीच एक वाट होती, आणि १९२१ मध्ये त्या दहा-पंधरा किलोमीटरसाठी केलेला हट्ट सत्तर वर्षांनी वसूल झाला. उत्तरेकडचा मार्गारा-अलिजान पूल मात्र १९९३ पासून बंद होता. ११ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन आर्मेनियाचे पाच ट्रक त्यावरून गेले. अलिजानला उतरल्यावर रस्ता इग्दिरच्या मैदानातूनच पुढे जातो.